सेट माझा, पदकं त्यांची, पैसे दोघांचे

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका साठीच्या उंबरठ्यावर आहेत. नवरा-बायको दोघांनाही जुन्या वस्तूंच्या लिलावांचा नाद आहे. त्या जुने इंग्लिश चिनी मातीचे टी-सेट घेतात, यजमान पहिल्या महायुद्धातली शौर्यपदकं घेतात, आणि खर्च एकाच सामाईक खात्यातून होतो. आता एका ब्रिटिश लिलावात एका कॅप्टनचा संच यायचा आहे: मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक आणि सोबत युद्धातल्या सेवेबद्दलची दोन साधी युद्धपदकं. खात्यात तेवढी शिल्लक नाही. यजमानांनी सुचवलं आहे की 1820 च्या सुमाराचा, हाताने रंगवलेला टी-सेट विकावा, कारण “तसाही तो अर्धवटच आहे, कप चोवीस आणि बशा बारा.” एक व्यापारी म्हणतो, सेट फोडून सुटा विकला तर जास्त पैसे येतील. पत्रलेखिका विचारतात: “मला मुळात पदकं विकत घेणंच पटत नाही. दुसऱ्याच्या घरातलं शौर्य आपण पैसे मोजून आणायचं, हे बरोबर आहे का? कपबशांनी कुणाचं काही हिरावून घेतलेलं नसतं. हे मी त्यांना कसं समजावू?”

नमस्कार.

तुम्ही दुखावल्या आहात हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण नेमक्या कशाने दुखावल्या आहात, ते आधी पाहू या. यजमान बरीच वर्षं पदकं घेत आले आहेत. इतके दिवस मनात काही खटकलं असलं तरी तुम्ही ते बोलून दाखवलं नाही. तुमचा सेट विकायची गोष्ट निघाली आणि मगच पदकं घेणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न पुढे आला. तो प्रश्न खरा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र घरात पैशावरून ताण असताना नीतीचा मुद्दा काढला, की समोरच्याला त्यातली नीती ऐकूच येत नाही. आपल्या आवडीला नावं ठेवली, एवढंच ऐकू येतं. मग ते तुमच्या कपबशांना क्षुल्लक म्हणतात, तुम्ही त्यांच्या पदकांकडे संशयाने पाहता, आणि मनातलं साधं वाक्य राहून जातं: “विकायची वेळ आली की माझीच वस्तू का?”

हे वाक्य आधी बोला. त्याला कुठल्याही तत्त्वाचा टेकू देऊ नका. त्याची गरज नाही.

आता तुमच्या सेटकडे वळते, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे असं मला मनापासून वाटतं. चोवीस कप आणि बारा बशा म्हणजे अर्धवट सेट नव्हे. तुम्ही लिहिलेला काळ बरोबर असेल तर हीच त्याची पूर्ण मोजणी असण्याची दाट शक्यता आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या काही दशकांत इंग्लिश सेटमध्ये चहाचे कप वेगळे आणि कॉफीचे कप वेगळे असत, पण बशी दोघांना मिळून एकच. एका वेळी एकतर चहा प्यायचा नाहीतर कॉफी, मग बशा दुप्पट कशाला? संग्राहक या तिघांच्या जोडणीला ट्रायो म्हणतात. तुमचे बारा कप जरा बसके-रुंद आणि बारा उंच किंवा सरळ नळीसारखे आहेत का, ते पाहा. तसे असतील तर एकही बशी हरवलेली नाही. प्रत्येकासाठी वेगळी छोटी ताटली ही पद्धतही नंतरची, व्हिक्टोरियन काळातली. आधीच्या सेटमध्ये ब्रेड-बटरसाठी साधारण दोन मोठ्या ताटल्या असत, शिवाय किटली आणि तिच्याखालची तबकडी, साखरदाणी, दुधाचं भांडं आणि कपातला उरलासुरला चहा ओतायचा वाडगा. वाडगा पाहून लोक चुकून तो दुसऱ्याच सेटचा समजतात.

काळाची खात्रीही करून घ्या. ज्यांच्याकडे असे सेट आहेत त्या सगळ्यांनाच हे उपयोगी पडेल. बुडाशी ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर वस्तू बहुधा 1891 किंवा त्यानंतरची. अमेरिकेच्या मॅककिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं, तेव्हापासून ते दिसू लागतं. ‘बोन चायना’ ही अक्षरं छापलेली असतील तर विसावं शतक धरावं, जरी ती माती स्वतः 1790 च्या दशकापासून स्पोड वगैरे कारखाने वापरत होते. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीची मोहर 1842 ते 1883 या काळातली, आणि तीसुद्धा नक्षीच्या नोंदणीची तारीख सांगते, तो कप त्याच वर्षी भाजला गेला असं सांगत नाही. 1820 च्या आसपासच्या पुष्कळ सेटवर कारखान्याचं नावच नसतं. असतो तो फक्त हाताने लिहिलेला पॅटर्न नंबर, म्हणजे नक्षीचा क्रमांक, आणि कित्येकदा तोही किटली, साखरदाणी अशा मोजक्या भांड्यांवरच. ही गोष्ट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपल्याला ती लागणार आहे.

आणि आता तुमचा प्रश्न. पदकं विकत घ्यावीत का?

कायद्याचं उत्तर छोटं आहे. ब्रिटनमध्ये आपलं किंवा आपल्या वारशाने आलेलं पदक विकायला मनाई नाही, व्हिक्टोरिया क्रॉसलाही नाही. अमेरिकेत मात्र मेडल ऑफ ऑनर या सर्वोच्च शौर्यपदकाची विक्री गुन्हा आहे. कायदा सोडून मनाला विचारलं तर मला वाटतं, “दुसऱ्याच्या घरातलं शौर्य” या शब्दांत तुम्ही एक चित्र आधीच ठरवून टाकलं आहे. एक कुटुंब रडतं आहे आणि कुणी पैसेवाला त्यांच्या भिंतीवरून पदक काढून नेतो आहे, असं ते चित्र. प्रत्यक्षात पदकं लिलावात येतात त्या वाटा निरनिराळ्या. काही सैनिकांनी स्वतःच, अडचणीच्या दिवसांत किंवा युद्धाची आठवण नकोशी होऊन, ती विकली. काहींना मूल नव्हतं. काही ठिकाणी चार नातवंडं आहेत आणि पदक एक, ते कुणाकडे राहावं यावरून भांडण होण्यापेक्षा विकून वाटणी केलेली बरी, असं ठरलं. काही पदकं चोरीचीही असतात, आणि तिथे मात्र तुमची शंका शंभर टक्के योग्य आहे. 1980 च्या आसपास चांदीचा भाव भडकला तेव्हा पहिल्या महायुद्धातली चांदीची ब्रिटिश वॉर मेडल्स मोठ्या संख्येने वितळवली गेली. कडेवर माणसाचं नाव कोरलेली पदकं होती ती. त्या काळात एखाद्या संग्राहकाने चार पैसे जास्त देऊन जी उचलली, ती आज आहेत. म्हणून विकत घेणं म्हणजे हिरावून घेणंच, असं मी म्हणू शकत नाही.

तरीही तुमच्या अस्वस्थतेत तथ्य आहे, आणि ते वस्तू घरात आल्यानंतरच्या वागण्याशी जोडलेलं आहे. पदकाच्या मागे एक नाव आहे. ते नाव कुणाचं, त्याने काय केलं, तो परत आला का, हे शोधून न काढता पदक नुसतं चौकटीत टांगणारा माणूस मलाही आवडत नाही. यजमान शोध घेतात का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. घेत असतील तर त्यांच्या छंदातला तो भाग तुम्ही अजून पाहिलेला नाही, असं मला वाटतं. घेत नसतील तर तुमचा आक्षेप तिथे नेमका लागू पडतो, आणि तसा मांडलात तर त्यांना तो परतवता येणार नाही.

दुसरी बाजूही पाहा. कपबशांनी कुणाचं काही हिरावलेलं नसतं, असं तुम्ही म्हणता. जुन्या वस्तूंचे घाऊक लिलाव होतात ते बहुतेक मृत्यू, कर्ज आणि घटस्फोट यांमुळे. तुमचे सेटसुद्धा कुणाच्या तरी आवरलेल्या घरातूनच आले असणार. आणि 1820 च्या सेटमधल्या साखरदाणीबद्दल तर बोलायलाच हवं. त्या काळी इंग्लंडच्या चहात पडणारी साखर मोठ्या प्रमाणावर कॅरिबियन बेटांतल्या गुलामांच्या श्रमातून येत होती. 1791 मध्ये त्या साखरेवर बहिष्काराची चळवळ झाली, 1820 च्या दशकात तिने पुन्हा जोर धरला, आणि ‘ही साखर गुलामांनी बनवलेली नाही’ अशा अर्थाचा मजकूर रंगवलेल्या साखरदाण्या तेव्हा विकल्या गेल्या. त्या आज संग्रहालयांत आहेत. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा त्यानंतर, 1833 मध्ये आला. हे सांगून तुमच्या सेटवरचं प्रेम कमी व्हावं असं मला वाटत नाही. उलट तो जास्त नीट ओळखावा असं वाटतं. पण एक छंद निष्पाप आणि दुसरा डागाळलेला, ही विभागणी टिकत नाही.

आता लिलावातल्या त्या लॉटकडे, म्हणजे कॅप्टनच्या संचाकडे. माझ्या मते तुमच्या दोघांच्या चर्चेत हाच मुद्दा सगळ्यात मागे पडला आहे. संच घ्यावा की नाही यावर वाद होतो आहे, पण संच आहे तरी कसा?

मिलिटरी क्रॉस डिसेंबर 1914 च्या अखेरीस सुरू झाला, कॅप्टन आणि त्याखालचे अधिकारी व वॉरंट ऑफिसर यांच्यासाठी. पहिल्या महायुद्धात सदतीस हजारांहून अधिक दिले गेले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ते बिननावी दिले गेले. जवानांना मिळणाऱ्या मिलिटरी मेडलच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण छापलेली असते. क्रॉसवर सरकारने काही कोरलेलं नसतं. मागच्या बाजूला नाव दिसलंच, तर ते त्या अधिकाऱ्याने किंवा घरच्यांनी खासगीत कोरून घेतलेलं, आणि असं कोरणं नंतर कुणालाही जमतं. मग हा क्रॉस या कॅप्टनचा, हे कशावरून? सोबतच्या दोन नाव असलेल्या पदकांवरून. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या युद्धपदकांवर फक्त हुद्दा आणि नाव असतं, रेजिमेंट नसते. नाव सर्रास आढळणारं असेल, तर त्याच नावाचे अनेक अधिकारी निघू शकतात. नाव असलेली दोन साधी पदकं घ्यायची, त्यांना एक सुटा, खरा पण भलत्याचा क्रॉस जोडायचा, आणि ‘शौर्य-संच’ म्हणून विकायचं, हे सहज शक्य आहे.

म्हणून बोली लावण्याआधी यजमानांनी, आणि शक्य असेल तर तुम्ही दोघांनी बसून, काही गोष्टी पाहाव्यात. ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर मोफत शोधता येतात. त्या कॅप्टनला क्रॉस मिळाल्याची नोंद त्यात असायलाच हवी. अनेक क्रॉससोबत पराक्रमाचं वर्णनही छापून आलं आहे. मात्र नववर्ष आणि राजाच्या वाढदिवसाच्या याद्यांमधल्या क्रॉसना असं वर्णन नसतं, तेव्हा ते नाही म्हणून लगेच संशय नको. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पदकांची सूचीपत्रं डब्ल्यूओ 372 या मालिकेत, तुकड्यांच्या युद्धदैनंदिन्या डब्ल्यूओ 95 मध्ये आणि अधिकाऱ्यांच्या वाचलेल्या फायली डब्ल्यूओ 339 व 374 मध्ये आहेत. दैनंदिनीत अधिकाऱ्यांची नावं येतात, त्यामुळे जवानांपेक्षा त्यांचा माग लागणं सोपं. सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जवानांची बहुतेक सेवापत्रकं जळून गेली.

वस्तूबद्दल लिलावगृहाला लेखी विचारा. क्रॉसच्या मधोमध पाचव्या जॉर्जची मुद्राक्षरं आहेत का? दुसऱ्या महायुद्धातला क्रॉस असता तर खालच्या बाहूच्या मागे साल कोरलेलं असतं. पहिल्या युद्धातल्यावर ते नसावं. युद्धपदकांच्या कडेवरची अक्षरं ठशाची आहेत की मागाहून कोरलेली? कड घासून नवं नाव घातलं असेल तर व्यास किंचित कमी भरतो. युद्धपदक 36 मिलिमीटरचं असतं आणि मापून घेता येतं. संच कुठून आला, कुटुंबाकडून की आधीच्या एखाद्या विक्रीतून? आधी विकला गेला असेल, तर त्या वेळच्या कॅटलॉगमध्ये तीनही पदकं एकत्र होती का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर मी असते तर थांबले असते.

पैशाचं गणित मात्र थोडक्यात आटपतं. हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नसते. ब्रिटनमधल्या बऱ्याच लिलावगृहांत खरेदीदाराचं कमिशन बोलीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असतं, त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट लागतो, म्हणजे शंभराची बोली तीसने वाढते. वर ऑनलाइन बोलीचं शुल्क, पॅकिंग, विमा, टपाल, आणि माल देशाबाहेर जाणार असेल तर आयात कर. सेट विकायला काढला तर तिथे विक्रेत्याचं कमिशनही कापलं जाणार. एक वस्तू विकून दुसरी घेण्यात दोन्ही टोकांना गळती होते, आणि ती दर अदलाबदलीत होते. शिवाय पूर्ण टी-सेटना गेल्या काही दशकांत पूर्वीसारखी मागणी राहिलेली नाही. आज विकलेला सेट तुम्हाला कदाचित अपेक्षेपेक्षा फारच कमी देऊन जाईल. तो भाव सेटच्या योग्यतेचा नाही, बाजाराच्या आजच्या आवडीचा आहे.

सामाईक खातं ठेवाच, पण संग्रहासाठी दोन वेगळे वाटे करा, प्रत्येकाचा आपापला. आपल्या वाट्यातून काय घ्यावं यावर दुसऱ्याने मत द्यावं, नकाराधिकार नको. वाट्याबाहेरचं काही हवं असेल तर दोघांचा होकार लागेल आणि विकायचं ते ज्याला हवं आहे त्याने स्वतःच्या संग्रहातून. हा नियम तुमच्यावरही लागू, हे विसरू नका. एखाद्या दिवशी तुम्हालाही जुन्या वुस्टर कारखान्याची किटली खुणावेल. या लिलावापुरतं सांगायचं तर कमाल रक्कम सगळे खर्च धरून आधी कागदावर लिहा आणि ती लिलावगृहाकडे लेखी बोली म्हणून ठेवा. थेट बोलीत अंगात संचारतं, आणि ‘आणखी एकदाच’ म्हणत माणूस कुठल्या कुठे जातो.

आता त्या व्यापाऱ्याचं. सेट फोडायचा सल्ला ऐकू नका, तुम्ही तो विकणार असलात तरीसुद्धा. मघाशी सांगितलेल्या पॅटर्न नंबरचं काम इथे आहे. तुमच्या कपांवर बहुधा काहीच लिहिलेलं नाही. ते कुठले, कुठल्या काळातले, हे किटली आणि साखरदाणी सांगतात. कप एका घरी, किटली दुसऱ्या घरी गेली की कप मुके झाले. यजमानांना समजवायचं कसं, असं तुम्ही विचारलं होतं. त्यांना एवढंच विचारा: त्या कॅप्टनची दोन पदकं बाजूला काढून एकटा क्रॉस कुणी देऊ केला, तर घ्याल का? ते नाही म्हणतील. बिननावी क्रॉसला ओळख देणारी ती दोन पदकंच असतात, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. मग त्यांच्यासमोर किटली उलटी करून तो नंबर दाखवा आणि शेजारी बिनखुणेचा कप ठेवा. पदकांचे संच फोडून विकणाऱ्यांवर त्यांना जितका राग येतो, तितकाच तुम्हाला या व्यापाऱ्याचा का आला, ते मला वाटतं त्यांना तिथे कळेल.

सेटची तपासणी मात्र विकणार नसलात तरी करून ठेवा. कप बोटाच्या टोकावर तोलून कडेला नखाने हलकेच वाजवा. स्वच्छ घुमला तर ठीक. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवली की नव्या रंगाने झाकलेली दुरुस्ती बऱ्याचदा वेगळी चमकते. किटलीचं झाकण तिचंच आहे का, त्याची मूठ आणि तोटीचं टोक पुन्हा चिकटवलेलं आहे का, हे नीट पाहा. कप एकात एक रचू नका, कानाला धरून टांगू नका, ताटल्यांमध्ये आम्लरहित कागद घाला. रोजच्या चहासाठी तो वापरू नका. त्या काळच्या रंगांत आणि झिलईत शिसं असे, आणि सोन्याचं काम डिशवॉशरमध्ये उतरतं. यजमानांनीही पदकं पीव्हीसीच्या पाकिटांत किंवा लोकरी कापडावर ठेवू नयेत, दोन्हींमुळे धातू खराब होतो, आणि ब्रासोने घासणं तर आजच बंद करावं. घासण्याने कडेवरची नावं झिजतात.

संच घेतलाच, तर तुमच्या मूळ अस्वस्थतेसाठी एक काम करा. संग्रहातल्या प्रत्येक पदकामागे एक कागद ठेवा: कुणाचं, काय सापडलं, कुठून घेतलं. जमवलेली माहिती आणि दोन्ही बाजूंचे चांगले फोटो त्या रेजिमेंटच्या संग्रहालयाला पाठवा. कधी वंशजांचं पत्र आलं तर त्यांना पदक पाहू द्या, हातात घेऊ द्या, आणि पुढे विकायची वेळ आली तर आधी त्यांना विचारायचं, असं त्याच कागदावर आज लिहून दोघांनी सही करा. तुमच्या सेटच्या कागदावर पॅटर्न नंबर आणि ‘चोवीस कप, बारा बशा, पूर्ण’ एवढं ठळक लिहा, म्हणजे उद्या मुलांनी कपाट उघडलं तरी कुणी त्याला अर्धवट म्हणणार नाही.